फळीतली भोकं

मोतीरामने फळीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि वाकून खालून पाहिलं. थेंबही गळला नाही. तो समाधानाने कुडाला टेकला आणि त्याने विडी पेटवली.

फळी त्याच्या पोराची, नारूची. नारू डहाणू रोडला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. एका इराण्याच्या चिकूवाडीतल्या लग्नात त्याने विजेवर वाजणारी गिटार पाहिली आणि तेव्हापासून पोराचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तसली विकत घ्यायची ऐपत नाही, तर घरी बनवतो म्हणाला. वखारीतून सागाची जाड फळी आणली, तिला मधे कंबर काढली, कानस मारून कडा गोल केल्या. इथवर मोतीरामला लांबून पाहताना बरंही वाटलं होतं. पण मग पोराने त्या चांगल्या फळीला दोन चौकोनी खळगे पाडले आणि कडेतून थेट खळग्यात जाणारं एक भोक. सगळी माती केली.

काल संध्याकाळी नारू तीच फळी मांडीवर घेऊन तोंड पाडून बसला होता. मोतीरामने लांबूनच ताडलं. चुकलं असणार, आणि आता विचारायला तोंड नाही. विचारणार तरी कसा? होळीला नारूने होडीवर यायचं सोडलं, तेव्हापासून बापलेकांत बोलणं नव्हतं. जे काय असेल ते सोनूबाईच्या मार्फत. "बाला सांग, जेवण वाढलंय." "त्याला सांग, मला दिसतंय." निरोप पोचवून पोचवून त्या बाईचं तोंड दुखायची पाळी आली होती.

पावसाळा जवळ आला म्हणून होड्या नुकत्याच वर ओढल्या होत्या. फटी बुजवायला कढवलेली राळ अंगणात होतीच. नारू सकाळी कामावर गेला आणि मोतीरामने फळी उचलली.

बांबूवरचे बोंबील उलटता उलटता सोनूबाई म्हणाली, "हात लावायचा नाही असं सांगून गेलाय तो."

"कोणाला सांगून गेलाय?"

"मला."

"मग तू लावू नको."

त्याने खळग्यांच्या मापाचे सागाचे तुकडे तासून बसवले. कडेने कापूस ठोकून भरला, वर आणि कडेच्या भोकात राळ ओतली, आणि ती थंड झाल्यावर घासून घासून फळी अशी सारखी केली की स्वतःच्या होडीसाठीही त्याने कधी एवढा जीव ओतला नव्हता. पोराला विचारावं लागणार नाही, आपल्याला बोलावं लागणार नाही, आणि तरी जे पोचायचं ते पोचेल, असा त्याचा हिशेब होता.

ऊन उतरता उतरता नारू आला. सायकल कुडाला टेकवली. एका हातात चहाचा पत्र्याचा डबा होता, अंडी असावीत तसा जपून धरलेला. फळीवर साचलेलं पाणी पाहून तो जागीच थांबला. मग त्याने पाणी हाताने सारलं.

"आये, हे कोणी केलं?"

"मला विचारू नको," सोनूबाई म्हणाली. "आज मी कोणाचा निरोप नेणार नाय."

मोतीरामने विडी विझवली. "मी केलं," तो म्हणाला. थेट पोराला. "थेंब शिरणार नाय. ओतून बघ."

"बा, ती भोकं मी मुद्दाम पाडली होती."

"मुद्दाम?" मोतीरामने आधी फळीकडे पाहिलं, मग पोराकडे. "लाकडाला मुद्दाम भोक कोण पाडतं?"

नारूचा चेहरा तापला. त्याने डब्याचं झाकण काढून डबा बापापुढे धरला. आत लोहचुंबकाच्या कांड्या होत्या आणि त्यांच्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली.

"हे बसायचंय त्यात. वर तारा वाजल्या की ह्याला कळतं. काल गुंडाळताना तार तुटली, म्हणून आज दुकानात बसून परत गुंडाळली."

म्हणजे काल तोंड पडलं होतं ते ह्या तारेपायी. मोतीरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग मी वाटच लावली म्हण की," तो पुटपुटला.

 नारू फळीवरून अंगठा फिरवत होता. एकदा फिरवला, परत फिरवला, मग फळी उजेडाकडे तिरकी धरली.

"आये," तो म्हणाला, "खळगे होते कुठे तेच सापडत नाय." आणि त्याला हसू आवरलं नाही. सोनूबाई तर बोंबील टाकून खालीच बसली हसत.

मोतीराम उठला. चुलीत पटाशी तापवून आणली आणि फळी दोन्ही पायांत धरून बसला. गावातल्या निम्म्या होड्यांची भोकं त्याने आजवर बुजवली होती. स्वतः बुजवलेलं उकरायची वेळ पहिल्यांदाच येत होती. राळ मऊ पडली, कापूस सुटला, सागाचे तुकडे एकेक करून वर आले. नारू त्याच्या खांद्याला खांदा लावून बसला होता आणि बोटाने दाखवत होता. इथून घे, बा. हळू. कोपरा सांभाळ. मोतीराम हूं हूं करत ऐकत होता, आणि इतकं बरं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

शेवटी राहिलं कडेचं भोक.

"आणि हे कशाला?"

"त्यातून वायर बाहेर येते. आवाज जातो तो तिथूनच."

मोतीरामने राळ खरवडून काढली. भोक मोकळं झालं, तरी तो पटाशी फिरवतच राहिला.

"बस, बा. मोठं होतंय."

"होऊ दे," मोतीराम म्हणाला. "अडकायला नको."