सरावाचा हात

शरीरक्रियाशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये ती दोनदा नापास झाली होती आणि दोन्ही वेळा परीक्षकांनी एकच शेरा मारला होता: नाडी मोजता येत नाही. उद्या शेवटची संधी. म्हणून घरी आल्या आल्या तिने बाबांचा हात सरावाला मागून घेतला.

पहिल्यांदा आकडा भलताच जास्त आला. दुसऱ्यांदा त्याहून जास्त. रक्तदाब मोजला, तर तो पार खाली.

"बाबा, मला नाही जमणार हो," ती रडकुंडीला आली. "बसल्या जागी नाडी एवढी धावते का कुणाची?"

"धीर धर गं. पुन्हा मोज," बाबा खुर्चीत मागे रेलत म्हणाले. दुसरा हात त्यांनी मघापासून पोटावर दाबून धरला होता. "आणि तोंडी परीक्षेचं काय? म्हणून दाखव बघू."

ते मात्र तिला तोंडपाठ होतं. बाबांचं मनगट धरून, डोळे मिटून तिने एका दमात म्हटलं, "शरीर आपला तोल स्वतःच सांभाळतं. आत कुठे रक्तस्राव झाला की रक्तदाब उतरतो. मग हृदय धावायला लागतं, हातपाय गार पडतात, दरदरून घाम फुटतो..."

"शाब्बास," बाबा पुटपुटले.

त्यांचं मनगट इतकं ओलं झालं होतं की तिची बोटं निसटत होती. तिने ते रुमालाने पुसलं आणि पुन्हा मोजायला घेतलं. या वेळी तर नाडीच सापडेना. बोटं नेहमीसारखी चुकीच्या जागी पडली असणार.

"बाबा, हात असा सैल नका ना सोडू," ती हुंदका देत म्हणाली. "आता तुम्हीसुद्धा कंटाळलात का मला?"