सहावा प्रश्न

चिहो कामाताचा शोधलेख विज्ञान नियतकालिकाकडून दुसऱ्यांदा परत आला. सोबत निनावी परीक्षकाचे नऊ प्रश्न.

"हा माणूस मुद्दाम छळतोय," ती प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ ओगासावारांना म्हणाली. केसाहून हजारपट बारीक पट्ट्या चिपवर कोरण्यात जपानमधल्या अख्ख्या सेंदाई शहरात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"माणूस राहू दे. प्रश्न सांग."

चिहोचा दावा मोठा होता. कडक गारठवलेल्या काही धातूंत वीज विनाअडथळा वाहते, कारण इलेक्ट्रॉन जोडीनं चालतात. चुंबक या जोड्या फोडतो, म्हणून अशी वीज त्यात शिरताच मरते. चिहोच्या चिपमध्ये मात्र ती अशा दोन धातूंमधल्या कोबाल्टच्या चुंबकी थरातून आरपार गेली होती.

तिनं सहावा प्रश्न वाचला. "चुंबकाच्या थराला छिद्र पडून दोन्हीकडचे धातू एकमेकांना चिकटलेले नाहीत कशावरून?"

ओगासावारांनी चिप कापून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मग पडद्यावरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

"चिकटलेत," ते म्हणाले.

चिहो रडू लागली. दाव्याचा पुरावाच खोटा ठरला होता.

"रडून झालं की हातमोजे घाल," ओगासावारा म्हणाले.

अकरा महिने दोघं नव्या चिप घडवत राहिले. चौदा वाया गेल्या. पंधरावीत छिद्र नव्हतं, आणि वीज तरीही पार गेली. एरवी हसायलाही महाग असलेल्या ओगासावारांनी चक्क शीळ घातली.

लेख छापून आला, पण चिहोचा राग गेला नाही. इतके नेमके प्रश्न हेच काम करणाऱ्याला सुचतात, आणि ते करणारे दुसरे फक्त दक्षिण कोरियातल्या तेजॉनचे प्राध्यापक नामगुङ. तिला अडकवून स्वतः पुढे निघायचा डाव होता त्यांचा.

तेजॉनच्या परिषदेत तिचं भाषण संपलं, तेव्हा सगळ्यांत आधी नामगुङ उठले आणि टाळ्या वाजवत उभेच राहिले. चिहोनं मान फिरवली.

जेवताना त्यांची सहकारी दासोम शेजारी बसली. चिहोला राहवलं नाही.

"तुमच्या सरांनी माझं वर्ष खाल्लं. तरी मागेच पडले बिचारे!"

दासोमनं चमचा खाली ठेवला.

"सरांना कळलं तर माझी खैर नाही. आमची चिप तुमच्या पहिल्या चिपआधी सहा महिने तयार होती. वीज पार जात होती, छिद्र नव्हतं. लेखही लिहून झाला होता. तेवढ्यात तुमचा तपासायला आला. सरांनी आमचा कपाटात टाकला आणि म्हणाले, 'ही पोरगी दारापर्यंत पोचलीय. तिला आत येऊ दे.'"