तिसरा कप

"दुसरा," कप खाली ठेवत मिरजगावकर मॅडम म्हणाल्या.

टेबलावर दुधाचे तीन कप होते. दोन कपांत ताजं दूध, एकात आंबायला लागलेलं. विद्यापीठाच्या अन्नशास्त्र विभागात आम्हा नव्या प्राध्यापकांना आंबलेला कप चवीवरून ओळखायला मॅडमनीच शिकवलं होतं. "जिभेला लागेल तेच बोलायचं. वरिष्ठांच्या तोंडाकडे बघायचं नाही," हा त्यांचा दंडक. मोठ्या आजारातून उठून त्या आजच कामावर आल्या होत्या.

तिसऱ्या कपाचा आंबूस वास आम्हा सगळ्यांच्या नाकात भरला होता.

"बरोबर, मॅडम," मी म्हणालो. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

फक्त आमच्यात सगळ्यांत धाकटी असलेली शलाका कशीबशी म्हणाली, "तिसरा आहे, मॅडम." आणि तिला रडू फुटलं.

मॅडमनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. स्वतःचा ॲप्रन काढून त्यांनी शलाकाच्या हातात दिला. "उद्यापासून यांना तू शिकव."

मग त्यांनी तिसरा कप तोंडाला लावला, डोळे मिटले आणि सावकाश सगळा संपवला.

"नुसतं पाणी लागतंय," त्या म्हणाल्या.