दोषी

अमेरिकेतल्या बिलॉक्सीच्या कोर्टात, ज्युरीच्या खोलीत 'दोषी' म्हणून बाराही हात वर गेले. बोटीचं इंजिन आरोपी तुआननेच चोरलं, याबद्दल ज्युरीतल्या ओडेसालाही शंका नव्हती.

"तुम्ही काळी माणसं तरी बरी," शेजारच्या खुर्चीतला अर्ल तिला म्हणाला. "या व्हिएतनामींच्या रक्तातच चोरी. मी तर साक्षी ऐकल्याच नाहीत."

ओडेसाने हात खाली घेतला.

"अहो, दोषी तर तुम्हीही म्हणालात!"

"अजूनही म्हणते." तिने दार ठोठावलं आणि न्यायाधीशांना सगळं कळवलं. तो खटला रद्द झाला; आता तो नव्या ज्युरीपुढे पुन्हा चालणार होता.

पुढच्या वर्षी त्या ज्युरीनेही तुआनला दोषीच ठरवलं. अर्लने तिला बाजारात गाठलं. "काय मिळवलंत एवढा तमाशा करून? गेलाच ना तुरुंगात?"

"गेला. पण चोरीसाठी गेला," ओडेसा म्हणाली. "तेव्हा चेहऱ्यासाठी गेला असता."