फळ्यावरचा पाउंड

"सुविचार कोणता बी लिही," धम्मानंद गुरुजी फोनवर म्हणाले, "पण पाउंड बरोबर लिही. एकशे अठरा."

"बरं," सुकेशनी म्हणाली आणि फोन ठेवला. ते 'बरं' म्हणताना तिचे दात एकमेकांवर घासले, पण तेवढं काही वालूरपर्यंत ऐकू गेलं नसावं.

गुरुजी बैठकीसाठी वालूरला गेले होते. वस्तीवरच्या शाळेत ते एकटेच शिक्षक, म्हणून आज फळा आणि परिपाठ बायकोच्या गळ्यात पडला. बायको त्याच आवारातल्या अंगणवाडीची बाई. नाही म्हणायची सोयच नव्हती.

तिनं तारीख लिहिली, सुविचार लिहिला. मग उजव्या कोपऱ्यात नजर गेली. तिथं पांढऱ्या ऑइलपेंटनं रंगवलेली ओळ होती: '२०१७ : १ पाउंड = ८१ रुपये'. तिच्याखाली 'आज' आणि रोज खडूनं भरायची रिकामी जागा. मुलांना तुलना कळावी, जगाची माहिती व्हावी, असं गुरुजी तपासणीला आलेल्या साहेबांना सांगत आणि साहेब माना डोलवत. जगात डॉलर आहे, दिनार आहे, येन आहे. गुरुजींच्या जगात एकटा पाउंड.

२०१७ साली राजेश्री नर्स म्हणून इंग्लंडला गेली. तिचं आणि गुरुजींचं लग्न ठरल्यातच जमा होतं, फक्त तारीख काढायची राहिली होती. सुकेशनी नांदायला आली त्याच्या चौथ्या दिवशी हे सांगायला तीन बाया वेगवेगळ्या येऊन गेल्या. एकीला तर चहाही तिनंच केला.

ती ओळ तिच्याआधीची होती. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं गाडीतलं पेट्रोल काढून बोळ्यानं ती घासून बघितली होती. फळ्याचा काळा रंग निघाला, ओळ तशीच राहिली. आणि पाउंड तर वाढतच चाललेला. नव्वद, शंभर, एकशे दहा. सकाळी चहा पिता पिता गुरुजी मोबाईलमध्ये बघून म्हणत, "आज जरा वर गेला." सुकेशनीच्या हातच्या चहाबद्दल सहा वर्षांत त्यांनी एवढंही म्हटलं नव्हतं.

तिनं 'आज'च्या पुढं लिहिलं: १ पाउंड = १८ रुपये.

लिहून दोन पावलं मागं सरून बघितलं. शंभर रुपये एका झटक्यात कमी. बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फारच बरं वाटलं.

प्रतिज्ञा झाली. चौथीतली रेणुका फळा वाचायला पुढं आली. तारीख वाचली, सुविचार वाचला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आजचा पाउंड, अठरा रुपये!" मग थबकून मागं वळली. "बाई, काल तर एकशे सतरा होता."

"पडला," सुकेशनी म्हणाली. "पडतेत कधी कधी."

स्वयंपाकाच्या शेडमध्ये काहीतरी दणकन खाली पडलं. पाठोपाठ सुलाबाई बाहेर आली. शाळेची खिचडी हीच शिजवते. राजेश्रीची आई. लेक दर महिन्याला पैसे पाठवते, तरी ही खिचडीचा पळा का सोडत नाही, हे वस्तीला न सुटलेलं कोडं होतं.

"बाई, किती म्हणली पोरगी?"

"अठरा."

"एक्क्याऐंशीच्या बी खाली?" सुलाबाई पायरीवर मटकन बसली. हळदीचे हात तसेच मांडीवर. "काय झालं वं माझ्या लेकीला?"

"मावशी, भाव पडला म्हणून माणसाला काय होत नसतं."

"मला वाचता येत न्हाई, बाई. लेकीची रातपाळी असती, आठ-आठ दिवस फोन न्हाई. ती गेली त्या दिवशी मी लय रडायलते. तवा गुरुजीनं रंग आणून तो आकडा काढला. म्हणले, मावशी, रोज सकाळी पोरं वाचतील ते ऐकायचं. एक्क्याऐंशीच्या वर हाय तवर लेक तिकडं खुशाल हाय समजायचं. आजपतोर एक डाव बी खाली गेला न्हाई. त्याच्यापायीच तर ही खिचडी सोडली न्हाई मी."

सुकेशनीला लाज वाटली. पण ती पुरती वाटून व्हायच्या आत पोटात पुन्हा जळायला लागलं. ती गेली त्या दिवशी. त्याच दिवशी रंग आणला. सुकेशनीची स्वतःची आई पूर्णेला एकटी असते, दम्यानं खोकते. तिच्या खुशालीचा आकडा कुणी कुठल्या फळ्यावर लिहिला नव्हता.

पायरीवर सुलाबाई रडत होती आणि मुलं रांगेतून माना वळवून बघत होती. शेडमधून खिचडी करपल्याचा वास यायला लागला.

"थांबा मावशी," सुकेशनी म्हणाली. "माझीच चूक झाली. घाईत एक लिहायचा राहिला."

तिनं खडू उचलला आणि अठराच्या आधी एक काढला. चांगला ठळक काढला. मग मुलांकडं वळून म्हणाली, "वाचा. जोरात."

"एकशे अठरा!" सगळी शाळा ओरडली.

सुलाबाईनं पदरानं तोंड पुसलं, गुडघ्यावर हात देत उठली. शेडकडं दोन पावलं गेली आणि मागं वळली.

"उद्या अजून वाढंल का, बाई?"

"वाढंल की," सुकेशनी खडू आपटत म्हणाली. "त्याला काय धाड भरलीय!"

"तुझ्या तोंडात साखर पडो, माय," सुलाबाई म्हणाली.