भागीबाईची रंगीत तालीम

तिसऱ्या सरावालाही भागीबाईच सगळ्यांच्या आधी दाराशी पोहोचली. ज्योत्स्नाला इतका आनंद झाला की तिने तिथल्या तिथे टाळ्या वाजवल्या.

आग लागली, भूकंप झाला तर म्हाताऱ्या माणसांनी बाहेर कसं पडायचं, हे शिकवायला ज्योत्स्ना गिरणारे रस्त्यावरच्या या वृद्धाश्रमात येत असे. बाकीच्यांचं ठीक होतं. तिला घोर होता तो भागीबाईचा. उन्हाळ्यात स्वयंपाकघरात आग लागली तेव्हा सगळे जीव घेऊन पळाले, ही मात्र खाटेवर भिंतीकडे बघत बसून राहिली. शेवटी वॉचमन मोतीरामने तिला उचलून बाहेर आणलं. का उठली नाही, हे तिने कोणालाच सांगितलं नाही. पुढच्या खेपेला उचलायला कोणी नसलं तर? या विचाराने ज्योत्स्नाची झोप उडाली होती. मोठ्या तालमीत ही बाई स्वतःच्या पायांनी बाहेर आलीच पाहिजे, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

आणि बाईने कमालच केली. मुलाने हरसूलकडच्या डोंगरातून आणून सोडल्यापासून जिच्या तोंडातून धड शब्द फुटत नव्हता, ती गुडघ्यांना तेल चोळून व्हरांड्यात फेऱ्या मारायला लागली. घसरणाऱ्या सपाता टाकून तिने पट्ट्याच्या चपला मागून घेतल्या. औषधं, आधार कार्ड आणि एक लुगडं असलेली कापडी पिशवी उशाशी तयार. ज्योत्स्नाचा फोन नंबर तर ती येताजाता घोकायची. शेजारणी चिडवायच्या, म्हातारी शर्यतीला निघाली म्हणून. ती बोळकं उघडून हसायची. आपल्या शिकवण्याचा गुण आला, म्हणून ज्योत्स्ना खूश.

भागीबाईच्या शंका तर संपत नव्हत्या. भोंगा वाजल्यावर मोतीराम कुठे असेल? चालता न येणाऱ्यांना आणायला तो आत जाईल, असं ज्योत्स्नाने सांगितलं. मग गेटवर कोण? कोणी नाही, गेट उघडंच राहील, कारण सगळ्यांनी रस्त्यापलीकडच्या मोकळ्या शेतात जमायचंय. ही परवानगी मिळवायला ज्योत्स्नाला व्यवस्थापकांशी बरंच भांडावं लागलं होतं. एक आजोबा वाट चुकल्यापासून गेटला कायम कुलूप असे.

"अन् मागून कोनी हाक मारली तर?"

"थांबायचं नाही, आजी. वळूनसुद्धा बघायचं नाही. आधी आपला जीव."

"ध्यानात ठिवते," भागीबाई म्हणाली.

तालमीच्या सकाळी सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. भोंगा वाजला आणि एकच धांदल उडाली. काठ्या खडखडल्या, मोतीराम चाकाच्या खुर्च्या ढकलत धावला, कोणी एकमेकांचे हात धरून, कोणी हसत, कोणी देवाचं नाव घेत शेतात पोहोचलं. ज्योत्स्नाचा ऊर भरून आला. तिने भराभर सगळ्यांवर नजर फिरवली.

भागीबाई नव्हती.

ज्योत्स्ना धावत आत गेली. खाट रिकामी होती. न्हाणीघरात, जिन्याखाली, स्वयंपाकघरात, कुठेच ती सापडेना. ऐन वेळी म्हातारी पुन्हा भेदरून कोपऱ्यात बसली असणार. इतक्या दिवसांची मेहनत, आणि जिच्यासाठी केली तीच आत राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी होता. तिने तो कानाला लावला.

"बाई, मला शोधत बसू नका," भागीबाई धापा टाकत होती आणि हसतही होती. "मी हरसूलच्या जीपमधी बसले. घरी चालले. पोराला आत्ताच नका कळवू, तो परत आनून टाकील."