दहा दिवसांची रजा

"असं नाही विचारायचं," राजनंदिनी म्हणाली. "'माझी बहीण कुठे आहे' एवढ्यावरून एआयला कसं कळणार? आधी फोटोत काय काय दिसतंय ते विचारा."

उत्तरेश्वरने मान डोलावली आणि एका बोटाने पुन्हा टाइप करायला घेतलं.

नेकनूर रस्त्यावरच्या त्या डेअरीत कर्मचाऱ्यांना एआय शिकवण्याचा तो चौथा दिवस होता, गुरुवार. राजनंदिनी मूळची पालीची, पुण्यात शिकून आलेली. आठ दिवसांत अठरा माणसं तयार करायचं काम तिने हौसेने अंगावर घेतलं होतं. माणसं कसली, एकेक नमुने होते. कुणी म्हशीची कुंडली मांडून घेत होतं, कुणी बायकोच्या वाढदिवसाची कविता. "तुमची स्वतःची एक अडचण आणा आणि इथे सोडवा," असं तिने सांगितलं, तर निम्म्यांना अडचणच सापडेना.

उत्तरेश्वर मात्र फोटो घेऊन आला. दुधाचं फॅट तपासणारा, चाळिशीकडे झुकलेला, अबोल माणूस. पहिल्या दिवशी तिने सगळ्यांकडून रजेचा अर्ज लिहून घेतला होता. तेवढाच काय तो त्याला जमला होता.

फोटोत एक तरुण बाई कडेवर पोरगी घेऊन उभी होती. ती त्याची धाकटी बहीण. चार वर्षांपूर्वी घरी न सांगता लग्न करून गेलेली. कुणाच्या तरी मोबाइलवरून फिरत फिरत हा फोटो त्याच्यापर्यंत आला होता. पत्ता नाही, नंबर नाही.

"नाव काय बहिणीचं?"

"नावाचं काय करायचं मॅडम. फोटो हाय की."

लाजला असेल, असं तिला वाटलं.

"घरी कोण कोण आहे?"

"आई. चार वर्सं झाली, आईनं गोड खाल्लं न्हाई. मी बी दिवाळीला नवं कापड घातलं न्हाई. चार लोकांत बसायची सोय न्हाई राहिली."

"म्हणजे अजून राग आहे?"

"राग कुठवर धरायचा, मॅडम. एकदाचं मिटवायचं."

राजनंदिनीला भरून आलं. बाकीच्या सतरा जणांना तिने सरळ कुंडल्या-कविता करू दिल्या आणि खुर्ची ओढून ती याच्याशेजारी बसली.

दोन दिवस तो फोटो दोघांनी मिळून पिंजून काढला. तो चिकाटीचा निघाला. बाईच्या मागे अंगणवाडीची भिंत होती, तिच्यावर अर्धा क्रमांक होता. पाण्याच्या टाकीवर गावाच्या नावाची शेवटची दोन अक्षरं होती. लांबवर साखर कारखान्याचं धुराडं दिसत होतं. काय विचारायचं, त्यातून पुढे काय विचारायचं, हे ती शिकवत गेली आणि तो वहीत उतरवून घेत गेला. शुक्रवारी दुपारी पावणेचारला सांगली जिल्ह्यातलं एक गाव नकाशावर सापडलं. टाकी तीच, भिंत तीच.

राजनंदिनीने टाळी वाजवली. उत्तरेश्वरने डोळे पुसले.

"अंगणवाडीत फोन करून बघू का?" ती म्हणाली. "तिथल्या बाईंना सांगून तिच्याशी बोलताच येईल."

"फोन नको," तो घाईने म्हणाला. "उगं घाबरंल ती. समोरच जातो." मग वही मिटत त्याने विचारलं, "मॅडम, रजेचा अर्ज आधीच करून ठेवला तर चालतो का?"

"चालतो की. पाठवताना तारीख तेवढी बदलायची. आता तुम्ही एकटे करा, मी उठते."

साडेपाचच्या बसने तो निघाला. डेअरीचेच पेढे विकत घेऊन ती मुद्दाम गेटपर्यंत गेली. "भाचीला द्या," ती म्हणाली. त्याने पुडा पिशवीत न टाकता हातातच धरला.

"आईला कळवलंत?"

"कळवलं. मोकळी होईन म्हणली."

राजनंदिनीने अहवालाच्या पहिल्या पानावर त्याचाच फोटो टाकला. इतकं मनासारखं काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं.

मंगळवारी सकाळी मॅनेजर बद्रीनाथ तिच्या टेबलाशी आले. हातात मोबाइल होता, चेहरा उतरलेला.

"उत्तरेश्वरचा अर्ज आलाय. बहीण गेली त्याची. रविवारी विहिरीवर पाय घसरला म्हणं."

चार वर्षांनी भेट झाली आणि दोन दिवसांत हे. राजनंदिनीने मोबाइल हातात घेतला. अर्ज नेटका होता, एकही चूक नव्हती. 'माझी बहीण कै. मंगल हिच्या आकस्मिक निधनामुळे.' नाव तिला आत्ता कळलं.

"तुमी शिकवलेलं वाया न्हाई गेलं," बद्रीनाथ म्हणाले. "पर एक चुकलंय बगा. दहा दिवसांची रजा मागितलीय. लगीन झालेल्या बहिणीचं सुतक भावाला तीन दिवस. तुमच्या मशीनला आपल्यातलं कळत न्हाई."

एवढ्या दुःखातही तिला ते लागलं. चूक कुठे झाली ते तरी बघावं, म्हणून ती उत्तरेश्वरच्या कॉम्प्युटरकडे गेली. टेबलाखाली पेढ्यांचा पुडा होता, बांधलेला तसाच, मुंग्या लागलेला. गेटवरून परत येऊन ठेवून गेला असावा.

प्रत्येकाने एआयशी केलेलं बोलणं तारीख-वेळेसकट जपलेलं असे. तिने त्याचं उघडलं. सगळ्यात शेवटचं शुक्रवारचं होतं, चार वाजून दहा मिनिटांचं.

'बहीण वारली तर भावाला सुतक किती दिवस असतं? त्याप्रमाणं रजेचा अर्ज लिहून दे.'

खाली एआयने उलट विचारलं होतं, बहीण विवाहित होती की अविवाहित.

त्याच्याखाली उत्तरेश्वरने एका बोटाने लिहिलं होतं, 'आमी ते लगीन धरत न्हाई. दहा दिवस लिव.'